संमतीचा रकाना

फॉर्मवर चार रेघा होत्या.
घरातल्या प्रत्येकाची सही पाहिजे, खिल्लारे मॅडम म्हणाल्या,
लेकरांची पण.
प्लॉट घेतला तेव्हा एकट्या यांची लागली होती.

रेवतीनं रेघेच्या बाहेर जाऊन नाव काढलं,
यांनी एसटी वर्कशॉपातली लांब शेपटीची सही केली,
मी केली.
विशू म्हणाला, नंतर करतो.
चालेल, मॅडम म्हणाल्या, तोवर कच्ची नोंद.
पंधरा दिवस बघा. नाही जमलं तर आणून सोडा,
लाज नका बाळगू.

आधी त्या घर बघायला आल्या,
मुलीकडचे येतात तशा. मी पोहे केले.
त्यांनी गेटच्या गजांतलं अंतर वितीनं मोजलं,
नळ किती दिवसाला येतो विचारलं.
आठव्या दिवशी.
मग तिची एक घागर हिशोबात धरा.
दुपारी घरी कोण असतं?
कुणाचा आवाज चढतो का घरात?
यांनी हसत माझ्याकडं बोट केलं,
आम्ही सगळे हसलो.
विशू पाणी आणायला आत गेला
तो आतच राहिला.

जिनिंगच्या मागं, सरकीच्या ढिगात सापडली
म्हणून सरकी.
रंगही तसाच, मळकट पांढरा, मधूनमधून काळा,
आणि पाठीवर दोन बोटं रुंद जागा
जिथं केस उगवत नाहीत.

आम्हाला वाटलं होतं शेपूट हलवत येईल.
ती कूलरच्या मागं गेली, तिथलीच झाली.
दूधभाकरी वाटीत वाळली, मुंग्यांची झाली.
कूलरमधून गळतं तेवढं पाणी चाटायची
रात्री, आम्ही झोपलो असं वाटल्यावर.
मग आम्ही झोपेचं सोंग घ्यायचो, चौघंही,
एका खोलीत, परभणीच्या मे महिन्यात,
श्वास धरून
एका जिभेचा आवाज ऐकत.

गिरामकाकू भिंतीवरून म्हणाल्या,
अगं बाई, रस्त्यावर फुकट पडलेत की,
फॉर्म भरून काहून आणायचं?
मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही.

सहाव्या दिवशी हे ड्यूटीवरून आले,
खुंटीपाशी उभं राहून पट्टा काढला.
बक्कल वाजलं.
एवढंच.
सरकी होती तिथं सपाट झाली,
फरशीवर ओल पसरत गेली.
अगं, मी काय केलं तिला, हे म्हणाले.
खरंच, तिला काही केलं नव्हतं.

मी विशूकडं पाहिलं नाही.
त्याचे खांदे मला पाठमोरे ठाऊक आहेत,
तिसरीतले, चौथीतले,
सातवीत सायकल हरवली त्या संध्याकाळचे.
तेव्हा मी स्वयंपाकघरात फोडणी द्यायचे,
जरा जास्त तेलाची,
जरा जास्त वाजणारी.

तो उठला, फडकं आणलं, फरशी पुसली.
पप्पा, म्हणाला, वर न बघता,
दुसऱ्या खोलीत काढत जा.

त्या वस्तूबद्दल आमच्या घरात
कुणी पहिल्यांदाच बोललं.

हे उभेच. एका हातात पट्टा,
दुसऱ्या हातानं घसरती पँट धरलेली.
कूलर चालू होता, तरी घाम.
रात्री पँट माझ्यापुढं ठेवली,
आतून नाडा लावून दे म्हणाले. शिंप्याकडं नको.
वर्कशॉपात हसतात म्हणे.
पट्टा कुठं गेला मी विचारलं नाही.

आज तेरावा दिवस.
सरकीचे पुढचे दोन पाय कूलरच्या अलीकडं आलेत.
रेवतीच्या हातून खाते, विशूजवळ डोळे मिटते,
यांना पाहिलं की आत.
हे दारात चप्पल काढतात, खोकतात, थांबतात,
पाहुण्यासारखे,
आणि ती आत गेली की मगच घरात येतात.

फॉर्म फ्रिजवर आहे, वर पेन.
मी विशूला आठवण करत नाही.
सकाळी पेनाचं टोपण काढलेलं दिसलं.
रेघ कोरी.